अतिसंवाहक नमुन्याचे संक्रमण तापमान दर वेळी वेगळे येते: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

अवकाशातील अतिशीत उपकरणांसाठी निवडलेल्या अतिसंवाहक पदार्थांची, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर ज्यांचा विद्युतरोध शून्य होतो अशा पदार्थांची, चाचणी करताना एक तक्रार इतक्या वेळा येते की तिच्यासाठी मी आता वेगळी वहीच ठेवली आहे. नमुना तोच, त्याला अतिशीत ठेवणारे पात्र म्हणजे क्रायोस्टॅट तोच, मोजणारी माणसेही तीच, आणि तरीही नायोबियम धातूच्या एकाच पातळ थराचे संक्रमण तापमान (ज्याखाली तो अतिसंवाहक होतो ते) सोमवारी ९.१ केल्विन येते, गुरुवारी ८.७ येते आणि पुढच्या आठवड्यात आलेखावर एक अनोळखी पायरी उमटते. अशा वेळी थर बनवणाऱ्यांना फोन जातो, ते आपल्या निर्वात कक्षाला दोष देतात, नवा थर बनतो आणि महिनाभराने तोच घोळ नव्या नमुन्यावर पुन्हा सुरू होतो. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा नमुना निर्दोष असतो. तापमापक जे तापमान सांगतो ते नमुन्याचे नसते, किंवा व्होल्टमीटर जो विद्युतदाब दाखवतो तो नमुन्यावरचा नसतो.

अवकाश उपकरणांच्या बाबतीत ही चूक महागात पडते, कारण उड्डाणानंतर झाकण उघडता येत नाही. २०२३ साली उडालेल्या जपानच्या एक्सरिझम उपग्रहावरचा क्ष-किरण संवेदक सुमारे ५० मिलिकेल्विनवर काम करतो आणि त्याला तिथवर नेणाऱ्या शीतकाची चुंबके अतिसंवाहक तारेची आहेत. त्या तारेचे संक्रमण तापमान चाचणीत अर्ध्या केल्विनने जास्त मोजले गेले, तर चुंबकासाठी राखलेली सुरक्षिततेची मर्यादा केवळ कागदावर उरते. संक्रमणाच्या कडेवर काम करणाऱ्या संवेदकांत तर सगळे संक्रमणच ०.१ केल्विनच्या आसपास एक-दोन मिलिकेल्विनच्या पट्ट्यात आटोपते. तिथे मोजमापातली अर्ध्या मिलिकेल्विनची चूकही दुर्लक्षित करता येत नाही.

लक्षणे

आधी आलेख नीट पाहावा, कारण चुकीचा आकारच बहुधा चुकीचे कारण सांगतो. थंड करताना संक्रमण खालच्या तापमानाला आणि तापवताना वरच्या तापमानाला दिसत असेल, तर नमुना तापमापकाच्या मागे रेंगाळत आहे. दोन्ही वेळा ते सारखेच खाली दिसत असेल, तर नमुना तापमापकापेक्षा कायमचा गरम आहे, म्हणजे कुठून तरी उष्णता त्याच्याकडे पोहोचत आहे. शुद्ध नायोबियमचे संक्रमण ९.२ ते ९.३ केल्विनच्या दरम्यान असते. तुमच्या आलेखावर ते ९.६ आले तर नवा शोध लागला असे समजू नये. बहुधा तापमापकच गरम झालेला असतो किंवा त्याचे वाचन तापमानात बदलणारी अंशशोधन सारणी चुकलेली असते.

दुसरे लक्षण म्हणजे रोध शून्यावर न येता काही मिलिओहमवर अडून राहणे किंवा, त्याहून गोंधळात टाकणारे, चक्क ऋण दिसणे. तिसरे, संक्रमण पसरट होणे किंवा त्यावर खांदा दिसणे. चौथे, नमुना कोणताही असला तरी ७ केल्विनजवळ, ३.४ केल्विनजवळ किंवा १.२ केल्विनजवळ एक लहानशी पायरी उमटणे. पाचवे लक्षण थोडे कमी दिसते पण जास्त छळते: पहिल्या थंडीत, म्हणजे पहिल्यांदा थंड करताना, सगळे ठीक असते, नमुना खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा थंड केला की आकडे बदलतात.

यांतली दोन लक्षणे एकत्र दिसली, तर दोन वेगवेगळी कारणे शोधायला हवीत. एकाच कारणाने सगळे समजावून सांगण्याचा मोह मला सुरुवातीला फार होता आणि त्यामुळे माझे अनेक दिवस वाया गेले.

काहीही न उघडता करायच्या तपासण्या

पहिली तपासणी फुकट आहे आणि तिला वहीशिवाय काहीच लागत नाही. ‘संक्रमण तापमान’ म्हणून आपण आलेखावरचा कोणता बिंदू घेतो, हे लिहिलेले आहे का ते पाहावे. एक जण सामान्य रोधाच्या निम्म्यावरचा बिंदू घेतो, दुसरा रोध शून्याला टेकतो तो घेतो आणि तिसरा जिथे उतार सुरू होतो तो. पसरट संक्रमणात या तीन बिंदूंमध्ये काही दशांश केल्विनचा फरक सहज पडतो आणि वर्षभर चाललेला वाद इथेच मिटल्याचे मी पाहिले आहे.

दुसरी तपासणी तापमान नियंत्रकाच्या पडद्यावर होते. प्रत्येक अंशशोधित तापमापकाला अनुक्रमांक असतो आणि त्या अनुक्रमांकाची स्वतंत्र सारणी नियंत्रकात भरलेली असते. तापमापक बदलला पण सारणी जुनीच राहिली, किंवा दोन तापमापकांच्या तारा खुंट्यांवर अदलाबदल झाल्या, तर नियंत्रक पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचे आकडे दाखवत राहतो. आमच्याकडे असा एक आठवडा गेला आणि तेव्हापासून तापमापकाचा अनुक्रमांक आम्ही प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात लिहितो.

याच टप्प्यावर एक ज्ञात बिंदू तपासून घ्यावा. तापमापक द्रवरूप हेलियममध्ये बुडवता येत असेल तर त्याने हेलियमचा उत्कलनबिंदू दाखवला पाहिजे, मात्र तो आकडा हवेच्या दाबावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीवर तो सुमारे ४.२२ केल्विन असतो. पुण्यासारख्या साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब कमी असल्याने तोच बिंदू सुमारे ४.१५ वर येतो. मुंबईतल्या सहकाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही म्हणून तापमापक बदलण्यापूर्वी भिंतीवरचा दाबमापक वाचावा. हेलियम नसेल तर शिशाचा किंवा इंडियमचा छोटा तुकडा नमुन्याशेजारी कायमचा बसवून ठेवावा. शिसे ७.२ केल्विनला आणि इंडियम ३.४ केल्विनला अतिसंवाहक होते आणि हे आकडे कोणाच्याही मर्जीवर बदलत नाहीत. असा पहारेकरी सोबत असला की नमुना बदलला की तापमापक, हा प्रश्न एका थंडीत सुटतो. मी हा तुकडा न बसवता आता कोणतीही मोजणी सुरू करत नाही.

तिसरी तपासणी गतीची आहे. मिनिटाला एक केल्विन या गतीने घेतलेला आलेख मिनिटाला दशांश केल्विनने पुन्हा घ्यावा. थंड होताना आणि तापताना दिसणाऱ्या दोन रेषांमधले अंतर गतीबरोबर आकुंचन पावत असेल तर दोष नमुन्यात नाही, उष्णतेच्या वाटेत आहे. अंतर गतीने अजिबात बदलत नसेल, तर ते खरे असू शकते आणि त्याची नोंद आदराने ठेवावी.

चौथी तपासणी मोजणीच्या विद्युतप्रवाहाची. उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभर ओहमच्या नमुन्यातून एक मिलिअँपिअर सोडला तर शंभर मायक्रोवॅट उष्णता तिथेच निर्माण होते. दहा मायक्रोअँपिअर सोडले तर केवळ दहा नॅनोवॅट. ४ केल्विनवर शंभर मायक्रोवॅट खपून जाऊ शकतात, पण ५० मिलिकेल्विनवर एवढी उष्णता म्हणजे नमुन्याखाली चूल पेटवण्यासारखे आहे. म्हणून तीन वेगवेगळ्या प्रवाहांनी आलेख घ्यावा, संक्रमण तापमान प्रवाहाच्या वर्गासमोर मांडावे आणि सरळ रेषा शून्य प्रवाहापर्यंत मागे ओढावी. रेषा सरळ आली तर उष्णता हेच कारण. वाकडी आली, तर आपण नमुन्याच्या क्रांतिक प्रवाहाच्या (ज्यापलीकडे अतिसंवाहकता मोडते त्या प्रवाहाच्या) जवळ जात आहोत किंवा जोडणीच्या एखाद्या बिंदूचा रोध जास्त आहे. तापमापकालाही हाच नियम लागू होतो. रोधाच्या तापमापकावर काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दाब ठेवला की तो स्वतःलाच तापवतो आणि मग नमुन्याचे संक्रमण खऱ्यापेक्षा वर दिसते.

पाचवी तपासणी त्या हट्टी, शून्य न होणाऱ्या रोधाची. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत जाणाऱ्या तारांमध्ये जिथे जिथे दोन धातू भेटतात, तिथे तापमानातल्या फरकामुळे स्वतःचा सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. हा दाब प्रवाह बंद असतानाही असतो. दहा मायक्रोअँपिअरच्या मोजणीत एक मायक्रोव्होल्ट असा आगंतुक दाब मिसळला तर ०.१ ओहमचा खोटा रोध दिसतो आणि त्याचे चिन्ह उलट असेल तर खोटा ऋण रोध. उपाय सोपा आहे: प्रवाहाची दिशा उलटवून दोनदा मोजावे, दोन्ही वाचनांची वजाबाकी करून तिला दोनाने भागावे. दिशेबरोबर न उलटणारा भाग आपोआप गळून पडतो. प्रत्यावर्ती प्रवाह आणि ठरावीक वारंवारतेचाच संकेत उचलणारा लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर वापरणाऱ्यांनी वारंवारता ५० हर्ट्झच्या पटीपासून दूर ठेवावी आणि कला बिघडलेली नाही ना ते पाहावे, कारण तारांच्या धारितेमुळे प्रवाहाशी ताल न जुळणारा भाग खऱ्या वाचनात मिसळू शकतो.

मग खोलीतला गोंगाट. पातळ थरांचे संक्रमण रेडिओ लहरींनी गोलसर होते आणि क्रांतिक प्रवाह घटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो खराब पदार्थच वाटतो. मोबाइल बाहेर ठेवून, जवळच्या स्विचिंग वीजपुरवठ्याचे आणि नको असलेल्या संगणकाचे बटण बंद करून एक आलेख पुन्हा घ्यायला दहा मिनिटे लागतात. फरक पडला तर तारांवर गाळण्या बसवण्याचे काम पुढे आहे, पण निदान दिशा कळली.

चुंबकाची तपासणी

या तपासणीवर मी थोडा जास्त वेळ घालवतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अतिसंवाहकतेला चुंबकीय क्षेत्र सोसत नाही, आणि तापमान जितके खाली जाते तितके क्षुल्लक क्षेत्रही तिला पुरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ साली शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिसंवाहक होते असे आढळले आणि त्याचे क्रांतिक क्षेत्र निरपेक्ष शून्यावर सुमारे ५.२ मायक्रोटेस्ला असल्याचा अंदाज दिला गेला. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला असते. म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र अडवल्याशिवाय हा गुणधर्म कितीही थंड केले तरी दिसला नसता.

अवकाशातील संवेदकांच्या चाचणीत हाच धडा रोज उपयोगी पडतो. एक छोटा, दमदार चुंबक दोऱ्याला बांधून नमुना-धारकाजवळ ठेवण्याच्या प्रत्येक वस्तूवरून तो फिरवावा: स्क्रू, वॉशर, जोडणीच्या खुंट्या, अगदी चिमटासुद्धा. दोरा ओढला गेला की ती वस्तू बाद. मात्र ही परीक्षा घेतल्यावर चुंबक प्रयोगशाळेबाहेर न्यावा. स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही असा समज आहे, पण नेहमीच्या प्रकारचे स्टील कापल्यावर, वाकवल्यावर आणि आटे पाडल्यावर काही प्रमाणात चुंबकीय होते. सोन्याचा मुलामा दिलेल्या खुंट्यांवर सोन्याखाली निकेलचा थर असतो आणि निकेल चुंबकीय आहे. नमुन्यापासून काही मिलिमीटरवर अशी खुंटी असेल तर मोजणी थर किती चांगला आहे हे तपासत नाही, त्या खुंटीचेच क्षेत्र तपासते. पितळी किंवा टायटॅनियमचे स्क्रू आणि निकेलविरहित खुंट्या हा साधा उपाय आहे.

क्षेत्राच्या बाबतीत जुन्या लोकांनी किती काळजी घेतली हे आपल्या घराजवळच दिसते. मुंबईतली ट्रॅम विजेवर चालवायची ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मापन बिघडणार हे ओळखून ते काम १९०४ साली अलिबागला हलवले गेले आणि तिथली इमारत चुंबकीय पदार्थ टाळून बांधली गेली. आपल्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाला आणि मजल्याखालून धावणाऱ्या लिफ्टच्या वजनाला तेवढाही मान मिळत नाही.

चुंबकीय क्षेत्र अडवणारे अतिसंवाहक कवच वापरत असाल तर त्याच्या थंड होण्याच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. शिसे किंवा नायोबियमचे कवच संक्रमणातून जाताना त्या क्षणी आत असलेले क्षेत्र पकडून ठेवते आणि मग बाहेर कितीही शांतता केली तरी ते सुटत नाही. काल बरोबर आणि आज चुकीचे, या तक्रारीचे हे एक खरे कारण असते: काल कवच थंड होताना जवळ कोणी स्टीलचा पाना ठेवला नव्हता. उपाय म्हणजे कवच त्याच्या संक्रमण तापमानाच्या वर नेऊन, आजूबाजूचे क्षेत्र शक्य तितके घालवून, हळूहळू पुन्हा थंड करणे. २००४ साली उडालेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी यानात घडी घातलेल्या शिशाच्या पिशव्या थंड करून एकामागून एक, एकीच्या आत दुसरी अशा, उघडण्याची पद्धत वापरली होती, म्हणजे प्रत्येक नव्या पिशवीत आधीपेक्षा कमी क्षेत्र अडकले. त्यामागचा विचार हाच होता: पकडलेले क्षेत्र मोठ्या जागेत पसरवले की विरळ होते.

सोल्डर आणि जोडण्या

७ केल्विनजवळची पायरी दिसली की मी सर्वांत आधी सोल्डरकडे पाहतो. शिसे आणि कथील यांचे नेहमीचे सोल्डर ७ केल्विनच्या आसपास स्वतःच अतिसंवाहक होते. ३.४ केल्विनजवळची पायरी इंडियमची आणि १.२ जवळची, अल्ट्रासोनिक पद्धतीने जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तारेची. चार तारांच्या मोजणीत (दोन तारांतून प्रवाह, दुसऱ्या दोन तारांनी विद्युतदाब) या जोडण्या हिशेबातून वगळल्या जातात असे पुस्तक सांगते, आणि ते खरे आहे, पण विद्युतदाबाच्या तारा प्रवाहाच्या तारांच्या आत, थेट नमुन्यावर जोडलेल्या असतील तरच. प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही तारा एकाच सोल्डरच्या थेंबावर बसलेल्या असतात आणि तो थेंब नमुन्याचाच भाग होऊन मोजला जातो.

खोलीच्या तापमानाला साध्या मल्टीमीटरने प्रत्येक खुंटी दुसऱ्या प्रत्येक खुंटीशी तपासावी आणि तक्ता लिहून ठेवावा. ज्या दोन खुंट्या वेगळ्या असायला हव्यात त्यांच्यात काही मेगाओहमचा रोध दिसला तर जोडणीत ओल किंवा फ्लक्स शिल्लक आहे. पावसाळ्यात हे हमखास होते. तारा पट्ट्याच्या मध्यरेषेवर न बसता कोपऱ्यात बसल्या असतील, तर संक्रमणाच्या किंचित वर रोध कमी होण्याऐवजी क्षणभर वाढतो. त्या टेकडीचे कारण बहुधा नवीन भौतिकशास्त्र नसून असमान पसरलेला प्रवाह असतो.

क्रायोस्टॅट उघडल्यावर

इथून पुढे प्रत्येक प्रयत्नाला एक-दोन दिवस आणि थंडीचा खर्च लागतो, म्हणून वरचे सगळे संपल्याशिवाय इथे येऊ नये.

नमुना ज्या तांब्याच्या पट्टीवर बसतो तिच्याशी त्याचा स्पर्श कसा आहे ते पाहावे. अ‍ॅपिझॉन एन ग्रीसचा थर जाड असेल तर तो मदत करत नाही, अडथळाच होतो. पृष्ठभागाच्या खाचा भरण्याइतका अगदी पातळ थर पुरतो. स्क्रूने दाबणे अधिक विश्वासार्ह असते, पण थंडीत धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत अ‍ॅल्युमिनियम साधारण ०.४१ टक्के आकसते, पितळ ०.३८, तांबे ०.३२, स्टेनलेस स्टील ०.३० आणि सिलिकॉन ०.०२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा स्टीलच्या स्क्रूने आवळला तर थंडीत पकड सैल पडते, कारण आतला तुकडा बाहेरच्या स्क्रूपेक्षा जास्त आकसलेला असतो. पहिल्या थंडीत चांगला, दुसऱ्यात बिघडलेला, या पाचव्या लक्षणाचे मूळ बहुधा इथे सापडते. तांब्यावर पितळी स्क्रू वापरले की ते थंडीत उलट आवळले जातात. जागा असेल तर कपच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर बसवावेत. सिलिकॉनच्या चकतीवरचा थर तांब्याला चिकटवताना तर खास काळजी हवी, कारण दोहोंच्या आकुंचनात पंधरापटीहून अधिक फरक आहे आणि कडक चिकटाने चकती तडकते.

उष्णतेची दुसरी वाट तारांची असते. एक मीटर लांब, ०.१३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार खोलीतून ४ केल्विनपर्यंत सरळ आणली तर तिच्यातून सुमारे दोन मिलिवॅट उष्णता खाली येते. त्याच मापाच्या फॉस्फर ब्राँझच्या तारेतून दहाव्या भागाहूनही कमी. पण तार कोणतीही असो, तिला वाटेतल्या प्रत्येक थंड पायरीवर गुंडाळून चिकटवले नाही तर ती उष्णता थेट नमुन्यावर उतरते. तारा ४ केल्विनच्या तांब्याच्या रिळावर काही सेंटिमीटर गुंडाळाव्यात, जीई वार्निशने पक्क्या कराव्यात आणि मगच नमुन्याकडे न्याव्यात. तापमापकाच्या ताराही अशाच, नमुन्याच्या तारांशेजारी, नाहीतर तापमापक आणि नमुना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

प्रारणाचा हिशेब लहान आहे पण धक्का देतो. ३०० केल्विनची काळी भिंत दर चौरस मीटरमागे सुमारे ४६० वॅट फेकते, ७७ केल्विनची केवळ दोन वॅट. नमुन्याच्या दिशेने थेट खोलीचे तापमान दिसणारे एखादे छिद्र उरले असेल, तर ते अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने झाकणे हा सगळ्या दुरुस्त्यांतला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

निर्वात बिघडलेले असेल तर वरची कोणतीच दुरुस्ती टिकत नाही. सुरुवातीच्या थंडीसाठी सोडलेला हेलियम वायू पूर्ण काढला नाही तर तो गरम भिंत आणि थंड नमुना यांच्यात उष्णतेचा पूल बांधतो. २००५ साली जपानच्या सुझाकू उपग्रहावर नेमके असेच झाले: टाकीतून बाहेर सोडलेला हेलियम वायू निर्वात जागेत परत शिरला, सगळे द्रव हेलियम काही आठवड्यांतच उडून गेले आणि अतिशीत क्ष-किरण संवेदक निरुपयोगी ठरला. चाचणीतला दाब वाढत असेल तर आधी पंपाच्या नळ्या आणि रबरी कड्या पाहाव्यात. आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद, आट्यात अडकलेली हवाही हळूहळू सुटत राहते. छेद दिलेले स्क्रू त्यासाठीच असतात.

हे सगळे निर्दोष आढळल्यावरच पदार्थाकडे वळावे, कारण पदार्थ तपासण्याची साधने महाग असतात आणि अनेकदा त्यासाठी नमुना नष्ट करावा लागतो. नायोबियमच्या थरात एक टक्का अणू ऑक्सिजनचे मिसळले तर त्याचे संक्रमण तापमान सुमारे ०.९ केल्विनने घटते, म्हणजे ८.३ च्या आसपासचा आकडा खरा असू शकतो, पण तो दर थंडीला बदलणार नाही. खरा दोष स्थिर असतो आणि खोटा भटकतो, ही खूण मला सर्वांत उपयोगी वाटते. उच्च तापमानाच्या अतिसंवाहक पट्ट्यांत, ज्या चुंबकांना प्रवाह पोहोचवायला वापरतात, ऑक्सिजन गेला की संक्रमण ९२ केल्विनवरून ६० च्या घरात येऊ शकते. हा तपास ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये पट्टी बुडवून काही मिनिटांत होतो: ९२ ची पट्टी तिथे शून्य रोध दाखवते, बिघडलेली दाखवत नाही. दोन धातूंचे थर एकमेकांवर चढवून संक्रमण तापमान हवे तिथे आणलेले असते त्या संवेदकांना चिकटवण्यासाठी भट्टीत तापवले असेल, तर थरांची सीमा बदलून संक्रमण सरकते. नोंदवहीत ‘चिकट सुकवला’ एवढेच लिहिलेले असते, किती तापमानाला ते नसते.

कुठे थांबावे

काही गोष्टींना हात लावू नये. हेलियमच्या टाकीच्या गळ्यात हवा किंवा पाणी गोठून बर्फाची गुडदी बसल्याचा संशय आला, भरण्याची नळी आत जात नसेल किंवा सुरक्षा झडप गोठलेली दिसली, तर जोर लावू नये, काठीने टोचू नये आणि तिथे थांबूही नये. आतला वायू कोंडत राहतो. खोली रिकामी करून अतिशीत तंत्राच्या प्रशिक्षित अभियंत्याला बोलवावे. एक लिटर द्रव हेलियमचा खोलीच्या तापमानाला सुमारे साडेसातशे लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो श्वासातला प्राणवायू हटवतो. प्राणवायूचा मापक १९.५ टक्क्यांखाली गेला की मोजणी अर्धवट सोडून बाहेर पडावे, आलेख वाचवू नये.

२.१७ केल्विनखाली गेल्यावरच दिसणारी गळतीही आपले काम नाही. अतिप्रवाही हेलियम अशा फटींतून जाते ज्या खोलीच्या तापमानाला सर्वोत्तम गळतीशोधकालाही दिसत नाहीत. ती शोधायला वेगळी पद्धत आणि खूप संयम असलेला माणूस लागतो. हेलियम-३ च्या बंद चक्राचा शीतक उघडणे, पल्स ट्यूब शीतयंत्राचा कॉम्प्रेसर खोलणे आणि अतिसंवाहक चुंबक अचानक सामान्य अवस्थेत गेल्यावर त्याला पुन्हा प्रवाह देणे, ही तिन्ही कामे उत्पादकाच्या सेवा अभियंत्याची आहेत. तापमापक ज्ञात बिंदूवर चुकत असल्याचे सिद्ध झाले, तर त्याची सारणी घरच्या घरी ‘थोडी सरकवून’ घेऊ नये; तो अंशशोधन प्रयोगशाळेत पाठवावा.

उड्डाणासाठी राखलेल्या नमुन्याबाबत नियम आणखी कडक आहे. त्यावर एक स्क्रूही स्वतःच्या मनाने आवळू नये. विसंगती दिसली की मोजणी थांबवावी, स्थिती जशीच्या तशी ठेवावी, छायाचित्रे घ्यावीत आणि गुणवत्ता विभागाला लेखी कळवावे. शक्य असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या त्याच तुकडीतून काढलेल्या साक्षी नमुन्यावर कराव्यात.

अभियंत्याला फोन करताना हाताशी पुढील गोष्टी असाव्यात: थंड करताना आणि तापवताना घेतलेले दोन्ही आलेख, दोन वेगवेगळ्या गतींचे आणि तीन प्रवाहांचे, शिशाच्या किंवा इंडियमच्या तुकड्याचे त्याच थंडीतले संक्रमण, तापमापकाचा अनुक्रमांक, खुंट्यांचा मल्टीमीटर तक्ता, त्या दिवशीचा निर्वात दाब आणि हवेचा दाब, आणि मागच्या वेळी क्रायोस्टॅट कोणी, कधी, कशासाठी उघडला होता त्याची नोंद. शेवटच्या ओळीतूनच उत्तर निघते असे माझ्या बाबतीत इतक्या वेळा घडले आहे की हल्ली फोन करण्यापूर्वी मी ती आधी वाचतो.